दोन जिवांचं जेवण

माझी पहिली मुलगी जन्मली तेव्हा तिचं वजन चार किलोच्या वर भरलं. जामखेडच्या दवाखान्यात शेजारच्या खाटांवरच्या बायका तिला बघायला उठून आल्या. आईनं सगळ्या वॉर्डाला पेढे वाटले आणि भेटेल त्याला सांगितलं, "माझ्या लेकीनं खाल्लं त्याचं चीज झालं."

खाल्लं तर मी खूपच होतं. माझे मिस्टर नागापूरच्या एमआयडीसीत कामाला, त्यामुळं आमचं बिऱ्हाड नगरला. सातवा लागताच आई मला न्यायला आली आणि मी माहेरी जामखेडला गेले. सकाळी तुपातला शिरा, अकराला साय घातलेलं गोड दूध, जेवताना गूळपोळी, चारच्या चहाबरोबर बिस्किटांचा अख्खा पुडा, आणि मध्ये केव्हाही लाडू. मी ताटावरून उठायला लागले की आई खांदा दाबून बसवायची.

"दोन जिवांची हाईस. घे अजून एक."

नगरच्या डॉक्टरांनी ग्लुकोजचं पाणी पिऊन करायची रक्ताची तपासणी लिहून दिली होती. मी आईला तो कागद दाखवला. "आपल्या घरात कुनाला साखर हाय? उगं सुया टोचून घ्यायच्या," म्हणत तिनं तो फळीवर ठेवून दिला. मीही पुन्हा मागितला नाही.

मुलगी आठ वर्षांची झाली तेव्हा शाळेत मुलांची तपासणी झाली. वजन करणाऱ्या बाईंनी आकडा मोठ्यानं वाचला आणि मागच्या रांगेतली मुलं हसली. दुसऱ्या दिवसापासून लेक भर एप्रिलात स्वेटर घालून शाळेत जायला लागली. घामानं मानेवर पुरळ उठलं तरी काढेना. तेव्हा मी तिला नगरच्या एका डॉक्टर बाईंकडे नेलं.

त्यांनी लेकीला तपासलं, आम्ही काय खातो ते विचारलं आणि मग एकदम माझ्याकडे वळल्या. "ही पोटात असताना तुमची साखर वाढली होती का?"

"तपासलीच नव्हती," मी म्हणाले.

जन्माचं वजन ऐकून त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, तेव्हा साखर वाढलेली असू शकेल, आज नक्की सांगता येणार नाही. आईच्या रक्तात साखर जास्त असली की ती बाळालाही जास्त मिळते, आणि अशा मुलांचं वजन पुढं वाढायचा संभव जास्त असतो. "पण हे एकच कारण नसतं. आता घरात काय शिजतं, पोरगी किती खेळते, ते तुमच्या हातात आहे."

मला त्यातलं पहिलंच तेवढं ऐकू आलं. घरी येऊन आईला फोन लावला आणि म्हणाले, "तुझ्या लाडवांनी पोरीचं वाटोळं केलं." तिकडून आईनं फोन ठेवून दिला.

दोन महिन्यांनी मला पुन्हा दिवस गेले. सांगायला म्हणून जामखेडला गेले. आई अंगणात शेंगा फोडत होती. तिनं बातमी ऐकली, पण उठून गूळ आणायला गेली नाही. खाली बघत म्हणाली, "तू पोटात हुतीस तवा मी बंधाऱ्याच्या कामावर जायची. डोक्यावर दगडाची पाटी. दुपारला एक भाकर अन् मिरची. तू झालीस ती दोन मुठीएवढी. सुईन म्हनली, ही काय जगत न्हाई. मंग तवाच ठरवलं, हिच्या बाळंतपनात हिला उपाशी ठेवायचं न्हाई."

तीस वर्षांत तिनं हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी तिच्यासमोर बसून शेंगा फोडायला लागले. मला माफी मागायची होती, ती त्या दिवशी राहून गेली.

या खेपेला तपासणी केली आणि साखर वाढलेलीच निघाली. आईची गोष्ट मी डॉक्टर बाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, "पोटात बाळाची फार आबाळ झाली किंवा फार साखर मिळाली, दोन्हींचा परिणाम पुढं राहू शकतो. तुम्ही स्वतः फार बारीक जन्मलात, तेही एक कारण असेल. आईला बोल लावू नका."

आठवड्याभरात आईच नगरला येऊन राहिली. न बोलावता. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, शेपूची भाजी, बिनसाखरेचा चहा. चहाला ती रोज नावं ठेवायची, पण आमच्याबरोबर तोच प्यायची. संध्याकाळी आम्ही तिघी कॉलनीच्या रस्त्यानं चालायला निघायचो.

अशाच एका संध्याकाळी आई पुढं गेलेली असताना लेकीनं विचारलं, "मी जाड आहे ते तुझ्यामुळं का?"

मी थांबले. "थोडं असेल. तेव्हा मला कळत नव्हतं."

"मग आजीला कशाला ओरडलीस फोनवर?"

तिनं ते ऐकलं होतं हे मला ठाऊकच नव्हतं. मी भरभर चालत आईला गाठलं आणि म्हणाले, "आई, मी तुला नको ते बोलले."

"बोललीस खरी," आई म्हणाली. "लई लागलं." मग माझा हात धरून म्हणाली, "सावकाश चाल. धापा टाकतीस."

मुलगा झाला तो तीन किलोच्या आतबाहेर. डॉक्टर बाई खूश होत्या. आई मात्र त्याला मांडीवर घेऊन तीन-तीनदा विचारत राहिली, "बारीक न्हाई ना वाटत?"

आता तो चार वर्षांचा आहे. लेक वर्गातल्या मुलींपेक्षा अजूनही अंगानं आडवीच आहे, पण उंची वाढली तसं वजन तेवढं वाढलं नाही. शाळेच्या खो-खोच्या संघात ती खेळते. परवाच्या सामन्यात ती पहिल्याच डावात बाद झाली आणि घरी येऊन अर्धा तास पंचांना शिव्या देत होती.