पाय पोळला, पिल्लू नाही

कुत्र्याचं पिल्लू मागणाऱ्या कोणाच्याही घरी गेल्या की बाई आधी चप्पल काढत आणि भर दुपारी अंगणात अनवाणी उभ्या राहत. घरमालक चहाचं विचारतोय, ह्या आपल्या उभ्याच. मग एकदम पाय उचलून म्हणत, "पाय पोळला. पिल्लू नाई भेटत." झालं! मग समोर वकील असो की डॉक्टर.

अमरावतीला मुलींच्या शाळेत आम्ही बरोबर शिकवायचो. त्या भूगोल, मी मराठी. साहेबलोक देश सोडून गेले तेव्हा एका मडमेने शेटलँड कुत्र्यांची जोडी बाईंच्या पदरात टाकली होती. लांब केसांची, टोकदार तोंडाची, मेंढ्या राखणारी बुटकी जात. कॅम्पात तुम्हीही कोणी पाहिली असतील. लोक म्हणत, मास्तरीणबाईनं कोल्हे पाळले. मेंढ्या नव्हत्या, म्हणून ती शाळेच्या पोरी राखत. रेंगाळणाऱ्या पोरींभोवती भुंकत गोल फिरायची आणि अख्खा कळप फाटकात आणून सोडायची.

कुत्री व्याली की बाई रजा टाकत. अर्जात कारण लिहिलेलं, 'घरी बाळंतपण'. बाई बिनलग्नाच्या! मोठ्या बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"खोटं काहून लिहू? बाळंतपणच हाय ना," ह्या म्हणाल्या.

पुढच्या विणींसाठी त्याच जातीचा नर शोधायला त्या नागपूरपर्यंत जात. आणि पिल्लू देणं म्हणजे तर सोयरीकच. आपल्याकडचा वैशाख, त्यात त्या जिवाच्या अंगावर एवढे केस. घर पाहिल्याशिवाय पिल्लू हलत नसे.

लग्न होऊन मी अकोल्याला आले आणि हक्कानं पिल्लू मागितलं. बाई बडनेऱ्याला गाडी बदलून आल्या. माझ्या नवऱ्यानं हौसेनं अंगणभर शहाबादी फरशी बसवली होती. बाई उभ्या राहिल्या, आणि पाय उचलला.

"मलासुद्धा नाही?"

"तुले त बिलकुल नाई."

"पोरगी मागितली असती तर दिली असती ना?"

"पोरगी ऊन लागलं त तोंडानं सांगते. हे मुकं जनावर कोनाले सांगीन?"

असा राग आला म्हणता मला! बाई गेल्या आणि मी फरशीच उपटायला काढली. गल्ली हसली, लोक फरशी बसवतात, ही उपटते. नवरा म्हणाला, "कुत्र्याचा पत्ता नाही अन् अंगण खोदून ठेवलं!" मी माती चोपली, शेणानं सारवली, कडुनिंब लावला. बाईंना मात्र निरोप पाठवला नाही. अकड, दुसरं काय.

निंब मोठा झाला. तोवर बाईंची पिल्लं तिवस्यापासून बाळापूरपर्यंत नांदत होती. शेवटच्या विणीतली एक कुत्री तेवढी त्यांच्यापाशी राहिली, तीही म्हातारी झाली. बाई निवृत्त झाल्या, छातीचं दुखणं जडलं, पुण्याच्या भाच्याकडे जाणं भाग पडलं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, तिथं कुत्रं चालणार नव्हतं. ऐन वैशाखात त्या म्हातारीला घेऊन माझ्या दारात उभ्या.

चेहरा पार उतरलेला. "ह्या वयात इले कोन घेते वं? लय घरं हिंडली. सगळीकडं पाय पोळला."

चप्पल काढली, पण पाय पुढे टाकायचा त्यांना धीर होईना. तेवढ्यात म्हातारीच दोरी ओढून आत गेली. निंबाखाली नाक लावलं, गोल गोल फिरली आणि पोट टेकवून, चारी पाय पसरून लवंडली.

"बसली वं!" बाई तिच्याजवळ खाली बसल्या, जमिनीवर तळवा ठेवला. "थंडगार हाय. कव्हा केलं हे?"

"तुम्ही नाही म्हणालात ना, तेव्हाच."

"मंग सांगतलं काहून नाई?"

मी कुत्रीपुढे पाण्याचं भांडं ठेवलं. "सुटली मी, बाई, सुटली," असं म्हणत त्या तिथंच कुत्रीच्या पाठीवर हात टाकून आडव्या झाल्या, आणि त्यांना गाढ झोप लागली. परतीची गाडी चुकली. चुकू दे म्हटलं, मी उठवलं नाही.

पुण्याहून बाई परत आल्या नाहीत. त्यांच्यामागं म्हातारीही निंबाखालीच शांतपणे गेली. आता घरात कुत्रं नाही. तरी चैत्र लागला की मी अंगण सारवते, भर दुपारी चप्पल काढून उभी राहते आणि म्हणते, "नाही पोळत, बाई."