आत्याने उघडलेला जीन

वणीहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरने सांगितले, "वत्सलाबाई गेल्या." माझ्या तोंडून आधी निघाले, "तुले कोणं सांगितलं?" रडू नंतर आले... आधी शंका घेण्याचे हे वळण वत्सलाआत्याचेच.

विदर्भ महाराष्ट्रात आला त्या सुमारास तिचे यजमान वारले आणि त्यांचा जीन, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचा कारखाना, तिच्याकडे आला. दिवस उलटत नाहीत तोच गावातले जीनमालक घरी आले. त्यांच्यातले मोठे शेटजी गोड आवाजात म्हणाले, "बाई, तुमचा जीन बंदच राहू द्या. आम्ही आमचे चालवतो, तुमचा वाटा घरपोच येईल." आत्याने चहा दिला. ते गेल्यावर मला म्हणाली, "बंद ठेवाचे पैसे कोणी फुकट देते काय? कायले देते, ते पाहू."

आमच्या गल्लीत पिठाच्या दोन गिरण्या होत्या. एकाने नवे इंजिन आणले की दुसरा आणखी बारीक दळणारे जाते आणायचा. बाया डबा उचलून पलीकडे जातील ही धास्ती. जिनांत मात्र आजेसासऱ्यांच्या काळचीच यंत्रे धापा टाकत होती. आत्या म्हणायची, "जीनवाले बुद्दू नाहीत. वाटा ठरलेला हाये, मंग नवीन यंत्र कायले आणतीन? शेतकरी जाईन कुठी?"

तिने वाटा नाकारला, विजेची मोटर बसवली आणि जीन उघडला. पहिल्या हंगामात कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागली. दुसऱ्या हंगामात ती अचानक आटली. बाईच्या जिनातून निघालेली रुई ओली असते, तिला भाव येत नाही, अशी आवई बाजारात उठली होती. कोणी उठवली, हे तिला पक्के ठाऊक होते, मलाही आहे... पुरावा दोघांजवळही नव्हता. जीन शेवटी शेटजींनीच विकत घेतला आणि त्याला कुलूप ठोकले.

मोटर तेवढी तिने दिली नाही. तिच्यावर पिठाची गिरणी टाकली. पुढे गिरणीवालेही एकदा आले: "आत्याबाई, आपण तिघं मिळून भाव बांधून घेऊ." त्यांना तिने चहासुद्धा विचारला नाही.

तेरवी झाल्यावर आत्याच्या गिरणीत गेलो. एक बाई डब्याचे झाकण लावण्याआधी चिमूटभर पीठ बोटांत चोळून पाहत होती. दुसरीनेही तेच केले. मी विचारले, "काहून हो?"

"वत्सलाबाईनंच शिकवलं," पहिली म्हणाली. "म्हणे, माह्यावरही भरोसा नोको ठेवू."