फोटोला उभी राहणारी

त्या काळी आमच्या नगरात ‘मॉडेल’ हा शब्द कोणी वापरत नव्हतं. मी ‘फोटोला उभी राहणारी’ होते, आणि हे म्हणताना आळीतल्या बायका आवाज जरा खाली आणायच्या. एकाहत्तर साल असेल. मला नुकतंच विसावं लागलं होतं. कापड बाजारातल्या दुकानांच्या साड्या नेसून, केसांच्या तेलाची बाटली हातात धरून, एकदा तर शिलाई मशीनवर हात ठेवून मी उभी राहिले होते. मशीन मला खरोखर चालवता येत होतं. तेल मात्र मी कधी लावलं नाही, वास आवडायचा नाही.

वडील कचेरीत कारकून. त्यांनी हे सगळं एका अटीवर चालवून घेतलं होतं. एक जरी वाकडा फोटो निघाला, तर उभं राहणं बंद आणि येईल त्या स्थळाला होकार. ही अट मला सांगितली होती, फोटोग्राफरांना नव्हे. म्हणजे वाकडं वागायचं दुसऱ्याने आणि निस्तरायचं मी. त्यावर भांडत बसले असते तर तेव्हाच सगळं संपलं असतं, म्हणून बरं म्हटलं आणि माझे मी कायदे केले.

आदल्या दिवशी शिकेकाईने न्हायचं. साडीला इस्त्री घरीच करायची आणि पूर्ण तयार होऊनच उंबरा ओलांडायचा. स्टुडिओत कपडे बदलायचे नाहीत. पावडर, कुंकू, आरसा, पाणी, सगळं आपलं. तिथला चहासुद्धा घ्यायचा नाही, कारण चहा घेतला की बसावं लागतं आणि बसलं की नको त्या गप्पा सुरू होतात. कुठे जायचं, तिथे आणखी कोण असणार, परतीची एसटी किती वाजता, हे आधी विचारायचं. या प्रश्नांचा ज्याला राग येई, त्याचं काम मी घेतच नसे.

पदराची गोष्ट वेगळी. फोटोग्राफर लोकांना दुसऱ्याचा पदर नीट करण्याची भारी हौस. तोंडाने सांगितलं तर मला कळणार नव्हतं असं नाही, पण हात पुढे यायचाच. पहिल्यांदा मी संकोचाने गप्प राहिले, तर दुसऱ्या वेळी तो हात खांद्यावर जास्त वेळ रेंगाळला. मऊ लागलं की लोक कोपराने खणतात. तेव्हापासून मी घरूनच पदर ब्लाउजला आतल्या बाजूने दहा-बारा टाके घालून शिवून घ्यायला लागले. एकाने तो ओढून बघितला. हलला नाही. मी म्हटलं, शिवलाय. त्याचा चेहरा असा पडला की फोटो खरं तर त्याचा काढायला हवा होता.

आणि सोबतीला आत्या. वडिलांची थोरली बहीण, श्रीगोंद्याकडच्या एका खेड्यात दिलेली, नवरा गेल्यापासून आमच्याकडे राहणारी. ती नऊवारीचा काष्टा आवळून दिव्याशेजारच्या स्टुलावर बसायची आणि तोंडाला मिश्री लावत फोटोग्राफरकडे टक लावून बघायची. एवढ्यावर अर्ध्या लोकांचं काम लवकर उरकायचं.

दिवाळीनंतर पाण्याच्या पंपांच्या एका व्यापाऱ्याच्या कॅलेंडरचं काम आलं. जागा श्रीगोंद्याजवळचा उसाचा मळा, फोटोग्राफर पुण्याचा, फोटो रंगीत. जिल्ह्यातल्या घराघरांत ते वर्षभर लागणार होतं. खोटं कशाला बोलू, मला ते काम फार हवं होतं. त्या हावेत मी एक मूर्खपणा केला. मळ्यात शोभेल म्हणून हिरवीगार साडी नेसून गेले. उसापुढे उभी राहिले तर चेहरा आणि दोन हात तेवढे दिसत होते.

पुण्याचा माणूस पहिल्या दहा मिनिटांतच ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आला होता. तरी त्याने आठ-नऊ फोटो काढले, मग वैतागून व्यापाऱ्याने पाठवलेली पिवळी साडी पिशवीतून काढली. बदलायला विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीची खोली होती. माझा कायदा मोडत होता, पण चूक माझीच होती. खोलीला दार होतं, आतून कडी होती, आणि बाहेर आत्या होती.

त्याने आत्याला सांगितलं की पलीकडच्या गुऱ्हाळावर गूळ निघतोय, पोरीला तांब्याभर रस घेऊन या, दमलीये. आत्या त्याच भागातली, पण हेच ती विसरली की गुऱ्हाळावर गेलेल्या माणसाला तांब्या भरून लगेच वाटेला लावत नाहीत. आधी बसवतात, रस पाजतात, काकवी चाखायला देतात, गरम गूळ हातावर ठेवतात, आणि नको म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान. “आत्ता येते,” म्हणून ती गेली. मीसुद्धा जा म्हटलं. तहान लागली होती.

मी कडी लावली आणि पदराचे टाके उसवायला बसले. पदर खांद्यावरून काढून मांडीवर घेतला. मागे खिडकी होती, तिला नुसते गज. त्या बाजूला विहीर आणि तिच्यापलीकडे ऊस, म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं. खट्ट आवाज आला तशी मान वर केली. तो विहिरीच्या कडेला उभा होता. अंग विहिरीकडे, मान खाली, जणू पाणी किती आहे ते बघतोय. त्याचा कॅमेरा दोन भिंगांचा, वरून डोकावून बघायचा. दोन्ही भिंगं माझ्याकडे वळलेली होती.

मला असा संताप आला की डोळ्यांसमोर काही दिसेना. पण ओरडले असते तर तो कॅमेरा घेऊन चालता झाला असता, आणि मी काय बघितलं ते मलाच लोकांना पटवून द्यावं लागलं असतं. मी पिवळी साडी नेसले, पदर शिवला, दोरा दाताने तोडला आणि बाहेर आले. यातून दिसतं तरी कसं, बघू दे ना, असं गोड आवाजात म्हटलं. आपलं यंत्र दाखवायला कोणता पुरुष नाही म्हणतो? त्याने गळ्यातला पट्टा काढून कॅमेरा माझ्या हातात दिला.

नगरच्या स्टुडिओत रोल भरताना मी शंभरदा पाहिलं होतं. खालची कळ फिरवली, मागचं झाकण उघडलं आणि रोल उन्हात टराटरा ओढून काढला.

तो पांढराफटक पडला. सकाळपासूनचं सगळं काम त्यात होतं, म्हणाला.

“माझंही होतं,” मी म्हटलं. “दुसरा रोल घाला. आणि मला अहो-जाहो करा.”

तो मला धमक्या द्यायला लागला, की पुण्यात, नगरात, कुठेच तुला कोणी उभं करणार नाही. तेवढ्यात आत्या तांब्या घेऊन आली. मी तिला दोन वाक्यांत सांगितलं. तिने तांब्या खाली ठेवला आणि ती खिडकी आणि विहीर दोन्ही नीट बघून आली.

“रोल घाल की बाबा,” ती त्याला म्हणाली. “ऊन चाललंय. का मळेवाल्यान्ला हाका मारू? समदे हितंच हायेत.”

त्याने रोल घातला. त्या फोटोत मी हसलेली नाही. व्यापाऱ्याने नंतर तक्रार केली म्हणे, की पंप एवढा चांगला आणि मुलगी का रागावलीये.

परतीच्या एसटीत आत्या रडली. म्या जायला नगं हुतं, असं पुन्हापुन्हा म्हणत राहिली, आणि घरी काही सांगू नकोस म्हणाली. मला ते पटलं नाही. लपवलं की आपलंच काहीतरी चुकल्यासारखं होतं. दिवेलागणीला घरी पोचले आणि वडिलांना सगळं सांगितलं, खिडकीपासून रोलपर्यंत. ते बोटातली अंगठी फिरवत ऐकत होते. मग म्हणाले, फोटो बाहेर आला नाही हे नशीब. आता मात्र पुरे झालं.

“चोरून फोटो त्याने काढला,” मी म्हटलं, “आणि घरात मी बसायचं?”

त्यांनी आत्याकडे बघितलं, तर ती त्यांच्याकडेच बघत होती, स्टुलावरून बघायची तशी.

पुढच्या आठवड्यात कापड बाजारातून निरोप आला. मी साडीला इस्त्री केली, पदर शिवला आणि आत्याला हाक मारली. वडील ओटीवर बसले होते. जाऊ का, असं मी त्या दिवशी विचारलं नाही. जाते, एवढंच सांगितलं.