बाकासमोरचा मॉनिटर

आमचा जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला तेव्हा मला दुःखापेक्षा कुतूहलच जास्त वाटलं होतं, हे आधीच सांगून टाकते. आता काय घ्यायचं? परत डेस्कटॉपच, की लॅपटॉप घेऊन त्याला मोठा मॉनिटर जोडायचा? दोन दिवसांत सुटावा असा हा प्रश्न मी दीड महिना चघळला. प्रश्न लवकर सुटलेले मला आवडत नाहीत.

आमचं गाव न्हावऱ्याच्या अलीकडे. एस.टी. थांब्यासमोर आमचं दुकान आहे. पूर्वी तिथे अब्बा, म्हणजे माझे वडील, हाताने बोर्ड रंगवायचे. दूध डेअरी, पिठाची गिरणी, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळेच्या भिंती, सगळीकडे त्यांचंच अक्षर. फ्लेक्स आले आणि ब्रश मागे पडले. मग मी शिरूरला डीटीपी शिकले आणि दुकानात येऊन बसले. फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं डिझाइन मी करते, छपाई शिरूरला होते, आणि अब्बा मागच्या खोलीत उरलेसुरले बोर्ड रंगवतात. गाव अजूनही त्यांना पेंटरच म्हणतं. मी पेंटरची पोरगी.

दुकानात अब्बांच्या काही रीती होत्या. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण दुकानाच्या उंबऱ्यात पाय ठेवला की अब्बा माझ्याशीही मराठीतच बोलतात. समोर बसलेल्याला असं वाटता कामा नये की हे आपल्याबद्दल काही बोलताहेत. दुसरी रीत म्हणजे रंगवून झालेला बोर्ड ते भिंतीकडे तोंड करून उभा करायचे. लहानपणी दुकानात गेलं की मला सगळ्या बोर्डांच्या पाठीच दिसायच्या. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून असेल, असं मी ठरवून टाकलं होतं आणि कधी विचारलं नव्हतं. एरवी मी काय काय विचारते!

ग्रामपंचायतीची निवडणूक असो की सोसायटीची, दोन्ही पॅनल आमच्याकडेच यायची. सकाळी एक, दुपारी दुसरं. पेंटर ह्याचं त्याला सांगत नाही, ही अब्बांची तीस वर्षांची मिळकत होती. आमच्याकडे शेत नाही, भावकी नाही, सोसायटीत कुणी नाही. गावात आम्हाला जी किंमत होती ती एवढ्या एका गोष्टीची होती.

तर कॉम्प्युटर. मी एक वही केली आणि आठवडाभर लिहून काढलं की आपण नेमकं काय करतो. किती वेळ टेबलाशी बसतो, लाईट कितीदा जाते, मान कधी दुखते, गिऱ्हाईक कुठे उभं राहतं. शिरूरच्या दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "गेम खेळता का?" मी नाही म्हटल्यावर त्याने दुसरा विचारला, "मग तुम्ही फिरता का?"

मी फिरते का, असं मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. वर्षातून तीन-चारदा दौंडला आपाकडे, म्हणजे मोठ्या बहिणीकडे जाते, तिच्या गल्लीतल्या पत्रिकांची कामं घेऊन येते. एकदा सणसवाडीला खानावळीचा हिंदी बोर्ड करून दिला होता. एवढंच. पण त्या प्रश्नाने डोक्यात किडा सोडला. परतीच्या एस.टी.त मी स्वतःला दौंडला बसून काम करताना पाहिलं, शिक्रापूरला पाहिलं. चौफुल्याच्या उसाच्या रसाच्या दुकानातसुद्धा पाहिलं.

डेस्कटॉपच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ होतं. तो उघडता येतो. त्यातलं एक बिघडलं तर एकच बदलता येतं. कीबोर्डवर चहा सांडला तर फक्त कीबोर्डच जातो. आणि तो टेबलावर बसला की काम टेबलावरच राहतं, घरात ताटाशेजारी येऊन बसत नाही. लॅपटॉपच्या बाजूने फिरण्याखेरीज एकच गोष्ट होती, पण ती आमच्याकडे भारी पडते. लाईट गेली की डेस्कटॉपचा यूपीएस जत्रेत हरवलेल्या पोरासारखा बोंबलतो आणि पाच मिनिटांत मान टाकतो. लॅपटॉप चालू राहतो. मान दुखते, अक्षरं बारीक दिसतात, ही त्याची खोड. त्यावर उपाय म्हणजे टेबलावर असताना मोठा मॉनिटर जोडायचा.

हे सगळं मी अब्बांना वहीतून वाचून दाखवलं. ते ट्रॉलीच्या फळीवर नाव रंगवत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "गिऱ्हाईक कुठं बसनार?"

हे मात्र माझ्या वहीत नीट उतरलं नव्हतं. जुन्या कॉम्प्युटरला गिऱ्हाईक माझ्या खुर्चीमागे येऊन उभं राहायचं. वाढदिवसाच्या फ्लेक्सला तर पाच-पाच जण. आमच्या साहेबांचा फोटो मोठा करा, ह्याचा जरा खाली घ्या, त्याला गॉगल आहे तोच लावा. मानेवर श्वास, स्क्रीनवर बोटांचे ठसे, कुणाची तंबाखू. मला एकदम सुचलं. मॉनिटर माझ्यासाठी नकोच. तो काउंटरवर बाकाकडे तोंड करून ठेवायचा. मी लॅपटॉपवर काम करीन, तेच गिऱ्हाइकाला बाकावर बसून मोठं दिसेल. मान दुखली तर दुखू दे!

"बाकाकडं तोंड करून?" अब्बा म्हणाले. ब्रश हातात तसाच राहिला. मग म्हणाले, "बघ बाई. तुला कळतंय त्यातलं."

मला मी फार हुशार वाटले.

लॅपटॉप आणि मॉनिटर आल्यावर पहिले दोन महिने मजेत गेले. गावातली माणसं उगाच येऊन बाकावर बसायची आणि मी काय करते ते बघायची. मला एक नवंच कोडंही मिळालं. एकच भगवा लॅपटॉपवर फिका दिसायचा आणि मॉनिटरवर लालसर. खरा कुठला? मी दोन्ही स्क्रीनची सेटिंगं फिरवून फिरवून दमले. शेवटी अब्बांनी रंगाच्या कंपनीचं जुनं शेडकार्ड आणून मध्ये धरलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "दोन्ही खोटं बोलत्यात." त्या दिवशी आम्ही दोघं पोट धरून हसलो.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली.

एक पॅनल तात्यांचं होतं. तात्या म्हणजे गावातले मोठे बागायतदार, अब्बांच्याच वयाचे. दुसरं पॅनल समोरच्यांचं. समोरच्यांचा फ्लेक्स माझ्याकडे आला तेव्हा त्यातला एक फोटो बघून मी दोनदा डोळे चोळले. तो तात्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचा होता. वडील लवकर गेल्यावर तात्यांनी ज्याला हाताखाली वाढवलं, तोच भाऊ. सकाळी तात्यांच्या ओट्यावर चहा पिऊन तो समोरच्यांकडे निघाला होता, आणि तात्यांना पत्ता नव्हता. फ्लेक्स दोन दिवसांनी, अर्ज भरायच्या दिवशी लागणार होता. अब्बांनी फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि मागच्या खोलीत गेले. कुणाला बोलायचं नाही, हे सांगायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या स्वतःच्या फ्लेक्सचं डिझाइन बघायला आले. बाकावर बसले, काठी शेजारी टेकवली. मॉनिटरवर त्यांचा फ्लेक्स बघत "ह्या पोराचं नाव वर घे" वगैरे चाललं होतं, तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला, मॉनिटर काळा झाला. माझा लॅपटॉप अर्थातच चालू.

"बसतो मी, यील आत्ता," तात्या म्हणाले आणि डोळे मिटून भिंतीला टेकले.

मला रिकामं बसवत नाही. मॉनिटर बंद, तात्यांचे डोळे बंद. मी समोरच्यांची फाइल उघडली. शिरूरहून सकाळपासून तिच्यासाठी फोन येत होते. दहाएक मिनिटं मन लावून काम केलं. भावाच्या फोटोची कड नीट कापत होते. मग पंखा फिरायला लागला, वारा लागला, बरं वाटलं. माझी स्क्रीन क्षणभर लुकलुकली, तिकडे मी लक्ष दिलं नाही. मॉनिटरची माझ्याकडे पाठ होती. तो उजळला हे मला दिसलंच नाही.

तात्यांना उठवावं म्हणून मी मान वर केली. ते डोळे उघडून समोर बघत होते. चेहऱ्यावर राग नव्हता. लांबून येणारी एस.टी. आपलीच आहे का, हे बघताना माणूस जसं बघतो तसं ते बघत होते. मी झटकन फाइल बंद केली. त्याने उलट मी काय दाखवलं ते पक्कं झालं.

"माझं मागून बघू," तात्या म्हणाले. काठी घेतली आणि गेले.

मागच्या खोलीतून अब्बा आले. मी सगळं सांगितलं. रडत सांगितलं, लपवण्यात काय अर्थ. त्यांनी एकच विचारलं, "बघितलं त्यांनी?"

"बघितलं."

अब्बांनी हात पुसले, टोपी घातली आणि सायकल काढली. मला वाटलं तात्यांकडे निघालेत, माफी मागायला. ते गेले धाकट्या भावाकडे. त्याला सांगून आले की तुमचा फोटो तात्यांनी माझ्या दुकानात पाहिला, चूक आमची आहे.

मी चिडले. "तात्या कुणाला बोलले नसते. तुम्ही कशाला सांगितलंत?"

"तात्या बोलतील न्हाईतर न्हाई बोलतील, त्ये त्यांचं. आपल्या हातून झालं त्ये आपन सांगायचं."

संध्याकाळी समोरचे पेन ड्राइव्हवर फाइल घेऊन गेले आणि बाकी काम शिरूरला करून घेतलं. तात्यांचा माणूसही आला नाही. त्या निवडणुकीत गावभर फ्लेक्स लागले, पण त्यातला एकही आमचा नव्हता. शिरूरहून येऊन थांब्यावर उतरलं की रस्ता ओलांडून दुकानात यायची मला लाज वाटायची. रागही यायचा. लॅपटॉपचा, लाईटचा, भावकीचा आणि सगळ्यात जास्त माझ्या हुशारीचा. डेस्कटॉप असता तर लाईट गेल्यावर सगळंच बंद पडलं असतं. मी आणि तात्या कांद्याच्या बाजाराबद्दल बोलत बसलो असतो.

त्याच दिवसांत कधीतरी मी अब्बांना विचारलं, ते बोर्ड भिंतीकडे तोंड करून का ठेवायचात?

"धूळ बसती ना," ते म्हणाले. मग म्हणाले, "आन् ज्याचा बोर्ड त्यानं पह्यला बघावा. दुसऱ्यानं बघितला, की तो बोर्ड दुकानातनंच जुना झाला."

"हे तुम्ही मला मॉनिटर घेताना का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, ह्याला काय रंग वाळवायचा न्हाई." ते खरंच तसं वाटल्यासारखं बोलले. मला हसू आलं आणि पुन्हा रडूही आलं. मी मॉनिटर उचलून माझ्याकडे वळवून ठेवला. बाकाला आता त्याची पाठ दिसू लागली.

निवडणुकीत तात्यांचं पॅनल पडलं. धाकटा भाऊ निवडून आला. दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, हे गावात सगळ्यांना माहीत झालं. आमच्याकडे शाळेची आणि दौंडची थोडी कामं येत राहिली. आता मी खरंच फिरायला लागले होते. आपाच्या घरी खिडकीशी लॅपटॉप ठेवून बसायचे, आणि मला मॉनिटरची आठवण यायची, दुकानाचीसुद्धा. काम कुठेही होतं, हे खरं निघालं. पण दौंडला माझ्याकडे लपवून ठेवण्यासारखं कुणी काही देत नव्हतं.

गेल्या महिन्यात तात्या आले. आधी थांब्यावर उभे राहून दुकानाकडे बघत होते, मग आत आले. "काय पेंटर," म्हणाले आणि त्याच बाकावर, त्याच जागी बसले. अब्बा मागच्या खोलीतून बाहेर येऊन दारात उभे राहिले.

"नातीचं लगीन हाय. पत्रिका करायची," तात्या म्हणाले आणि घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला.

आमच्याकडे पत्रिकेत भावकीची नावं असतात, आणि कोण कुणाच्या वर, कोण खाली यावरून लग्न मोडायची वेळ येते. मी कागद उघडला. पहिलं नाव तात्यांचं होतं. दुसरं धाकट्या भावाचं. मी त्या नावावर बोट ठेवून वर पाहिलं.

"बराबर हाय," तात्या म्हणाले. "त्याला अजून म्हाईत न्हाई. घरातबी कुनाला बोललो न्हाई. पह्यली पत्रिका मी सोता नेऊन देनार हाय त्याच्या हातात. तवर कुनाला दावू नगंस."

मी मान हलवली आणि कागदाची घडी घालून तो वहीत ठेवला. अब्बांनी टोपी काढली, परत घातली. तात्या मॉनिटरच्या पाठीकडे बघत होते.

"आन् त्यो टीव्ही फिरव की हिकडं. मला दिसाया नगं का?"

मी अब्बांकडे पाहिलं. ते हो म्हणाले. मी उठले, आधी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि मग मॉनिटर फिरवला.