बाहीवरच्या टाचण्या

अख्खं आयुष्य शिलाई मशीनसमोर बसून काढलेल्या शिवणकाकू हल्ली चहा उभ्याने प्यायच्या, भांडायच्याही उभ्यानेच. स्टुलावर एक मांडी टेकवून कसाबसा एखादा गणवेश उरकायच्या. गिऱ्हाइकांना सांगायच्या, कंबर धरलीय. खरं दुखणं भगंदराचं होतं. गुदद्वाराशेजारी एक नळी, सतत पाझरणारी. एकदा कापून झाली होती, पुन्हा उगवली. आता डॉक्टरीणबाईंनी हात आखडता घेतला होता. आत नळीला कुठे फाटे फुटलेत हे एमआरआयमध्ये पाहिल्याशिवाय सुरी लावणार नाही, म्हणाल्या. अंदाजाने कापलं आणि शौच रोखणारा स्नायूच तुटला, तर जन्मभराची नामुष्की.

तेवढं एकच वाक्य काकूंच्या डोक्यात मशीनच्या चाकासारखं गरगरत होतं. तपासणी केंद्रात त्यांनी इतक्या येरझाऱ्या घातल्या की वॉचमनने विचारलं, आत कोणाचं बाळंतपण आहे का. सोबतीला सून होती. तिलाही कंबरच सांगितलेली. पण तंत्रज्ञाने चारचौघांत पुकारा केला, भगंदरवाल्या बाई कोण, आणि काकू भिंतीवरचं घड्याळ निरखू लागल्या.

"मला ठाऊक होतं, आई," सून हळूच म्हणाली. "तुमचे कपडे कोण धुतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कंबर म्हणालात. मी कंबर शेकली."

कपडे बदलायला दिलेल्या गाऊनच्या नाड्या तुटक्या होत्या, आणि त्याही नेमक्या मागच्या. काकूंनी बांगड्या, कानातलं, केसांतल्या पिना, सगळं कपड्यांसकट सुनेच्या हवाली केलं. अंगावर धातू काही, तंत्रज्ञाने विचारलं. काही नाही, काकू ठासून म्हणाल्या.

सून बाहेर कपड्यांची घडी घालत होती. काकूंच्या डाव्या बाहीवर कायम टाचण्यांची रांग असायची, अगदी लग्नाला जातानाही. आता ती बाही मोकळी होती. तिने उजवी बाही चाचपली, खाली फरशी पाहिली, आणि धावत जाऊन दार ठोठावू लागली.

तंत्रज्ञ चुंबकाच्या खोलीच्या उंबरठ्यावर थबकला.

"टाचण्या," सून धापा टाकत म्हणाली. "गाऊन मागून बघा."

काकूंचा चेहरा उतरला. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. टाचणी त्यांच्या लेखी धातू नव्हतीच, हाताचं अकरावं बोट होतं. हे चुंबक टाचणी गोळीसारखी ओढतं, तंत्रज्ञाने सुनावलं. नाड्यांच्या जागी गाऊनला टोचलेली एकेक टाचणी सुनेने उपसली, तुटक्या नाड्यांना गाठी मारल्या.

"आता हलू नका, आई. चित्र पुसट आलं तर पुन्हा अंदाजानेच कापतील."

आत खडखडाट सुरू झाला. ठणका वाढला, उठून पळावंसं वाटलं. काकूंनी मनातल्या मनात गणवेशाला बाही जोडायला घेतली. हात हलला की चुणी पडते. चुणी पडली नाही.

निकालाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे केली. काकू खिडकी ते दार फिरतच राहिल्या. पडद्यावर नळीचं बाहेरचं तोंड एकच होतं, पण आत एक फाटा स्नायू ओलांडून वर गेला होता. मागच्या खेपेला तो सापडलाच नव्हता. हा एका घावात कापायचा नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नळीतून दोरा ओवून ठेवायचा, सावकाश निचरा होऊ द्यायचा. स्नायू शाबूत राहावा म्हणून हे सगळं.

काकू थांबल्या.

"दोऱ्याला गाठ कोण मारणार?"

"मीच."

"पक्की मारा. नाहीतर माझ्या सुनेला विचारा."