हवेवर जगणारं झाड

“मॅडम, हे व्हेज आहे ना? एवढंच लिहून द्या.”

कांतीभाईंनी माझ्या टेबलावर एक हिरवा तुरा ठेवला. घाटकोपरच्या त्यांच्या गिफ्टच्या दुकानात तो ‘हवेवर जगणारं झाड’ म्हणून विकला जायचा. पाणी नको, ऊन नको. त्यांच्या आईला, बाला, तो फार आवडला होता. बा जैन, फूलसुद्धा तोडू द्यायची नाही. पर्युषणाच्या सणात देरासर, म्हणजे त्यांचं मंदिर, सजवायला तिनंच हे झाड सुचवलं. मग कोणीतरी म्हणालं, हे तर समुद्रातलं.

“परवा सजावट आहे. बाला काय सांगू?”

विक्रोळीच्या आमच्या टेस्टिंग लॅबमध्ये मी नवीन होते. झूऑलॉजीची एम.एस्सी., आणि शक्यतो न बोलणारी.

तुरा गरम पाण्यात टाकला. हिरवा रंग सुटला, पिवळट काड्या उरल्या. एक काडी जाळली, तर केस जळल्यासारखा वास. मग मायक्रोस्कोप. काडीच्या दोन्ही बाजूंना इवले इवले पेले, ओळीनं. पानाचा पत्ता नाही.

हा हायड्रॉइड होता. दिसतो झाडासारखा, पण असते ती प्राण्यांची वसाहत. प्रत्येक पेल्यात एक जीव राहतो. त्याला एक तोंड आणि भोवती डंख मारणारे धागे. वाहत्या पाण्यातले बारीक जीव तो पकडतो. सगळे आतून एकाच नळीनं जोडलेले, त्यामुळे एकानं खाल्लेलं इतरांनाही पोचतं. खडकांना, शिंपल्यांना चिकटून ही वसाहत वाढते. वर्सोव्याच्या होड्यांच्या दोरांवरही असले झुपके मी पाहिले होते. हा मात्र वाळवून रंगवलेला होता.

आमचे लॅबप्रमुख नाडकर्णी सर म्हणाले, “‘सागरी उत्पादन’ लिही. खोटं नाही ना ते?”

“पण सर, त्यांनी ते विचारलंच नाही.”

“अगं, क्लायंट आहे तो. माल पडलाय त्याचा.”

“आईसाठी विचारतायत ते.”

सरांनी रिपोर्टचा कागद माझ्याकडे सरकवला. “बरं, प्राणी आहे असंच लिही. पण सांगायचंही तूच.”

मी सांगितलं. कांतीभाई खुर्चीत बसले.

“जिवंत होते?”

“हो.”

“बा रोज मोरपिसानं धूळ झाडते त्याच्यावरची. किडा मरू नये म्हणून.”

दुसऱ्या दिवशी बा स्वतः आली. मायक्रोस्कोपवर वाकली आणि बराच वेळ उठलीच नाही.

“केटला घर! किती घरं ही! आत्ता कोणी आहे आत?”

“नाही, बा. सगळी रिकामी.”

तिनं डोळे पुसले आणि मुलाकडे वळली. “कांती, दुकानातून सगळं उतरव.”

“बा, सीझन आहे!”

“सीझन दरसाल येतो रे.”

देरासर त्या वर्षी कागदी तोरणांनी सजलं. सर म्हणाले, “क्लायंट गेला.” तसं झालं नाही. पुढच्या महिन्यात कांतीभाई साबण, मेणबत्त्या, ब्रश, कंगवे अशी पिशवीभर सँपल्स घेऊन हजर झाले, यांत कुठं प्राण्याचं काही नाही ना ते तपासून घ्यायला. खरं सांगण्याचा मला दिसलेला तोटा एवढाच. काम वाढतं.