घोडीचं डोहाळजेवण

हॅमिल्टनजवळच्या फार्मवर राहणाऱ्या एक काकू आमच्या मराठी मंडळात गमबूट घालूनच येतात आणि कोणी नाक मुरडलं तर पाय आणखी पुढे करून बसतात. नांगर ओढणाऱ्या सफोक घोड्यांची जात संपत चालली आहे, ती त्या वाढवताहेत. त्यासाठी माद्या हव्यात. त्यांच्या घोडीला आधी दोन्ही वेळा नरच झाले. आता ती तिसऱ्यांदा गाभण होती, पण तिचं वय झालं होतं. यानंतर ती पुन्हा गाभण राहील याची खात्री नव्हती.

म्हणून काकूंनी तिचं डोहाळजेवण केलं. तबेल्यात दोन झाकलेल्या वाट्या मांडल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. घोडीने एका वाटीला नाक लावलं. बर्फी! मंडळातल्या एका काकांनी संशयाने दुसरी वाटी उघडली. तिच्यातही बर्फीच.

"अहो, हे चीटिंग आहे!"

"तुम्ही मनातल्या मनात पेढाच धरून बसता," काकू म्हणाल्या. "मी उघड उघड बर्फी ठेवली."

टाळ्या मी एकटीनेच वाजवल्या.

बर्फ वितळल्यावर एका रविवारी काकू मंडळाच्या हॉलमध्ये शिरल्या. हातात पेढ्यांचा डबा होता. काकांचा चेहरा खुलला.

"म्हणजे शेवटी घोडाच झाला ना?"

"घोडी झाली! उभी राहून दूधही प्यायली."

"मग पेढे कसले?"

"मुलगी झाल्याचे!" म्हणत काकूंनी त्यांच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला.

या वेळी टाळ्या सगळ्या हॉलने वाजवल्या.